घरात पिस्तूल नको म्हणता, मग नेमबाजीची रेंज तरी द्या

संपादक साहेब, स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे ठाण्याच्या एका काकांचं पत्र छापून आलं होतं, की ज्यांच्याकडे शस्त्र परवाना आहे त्यांची नावं सोसायटीने नोटीस बोर्डवर लावावीत आणि शक्यतो असल्या लोकांना फ्लॅटच देऊ नये. काकांचा राग मला समजतो. २०२४ च्या फेब्रुवारीत उल्हासनगरला चक्क पोलीस स्टेशनात गोळीबार झाला, तेव्हा आमच्या घरातसुद्धा दोन दिवस तोच विषय होता. पण काकांनी एका वाक्यात सगळ्यांनाच एका पोत्यात भरलंय, गावठी कट्टा घेऊन फिरणारा, स्वसंरक्षणाच्या नावाखाली कंबरेला रिव्हॉल्व्हर लावून लग्नाला जाणारा बिल्डर, आणि रविवारी पहाटे उठून रेंजवर कागदाला भोकं पाडायला जाणारी माझ्यासारखी बाई. म्हणून लिहितेय. पत्र मोठं होणार आहे, आधीच सांगते.

मी नेरुळला राहते, एका सहकारी बँकेत नोकरी करते, वय पंचेचाळीसच्या पुढे, आणि माझ्याकडे पॉइंट टू टूचं, म्हणजे ०.२२ इंची गोळीचं, एक पिस्तूल आहे. रीतसर परवान्याचं. हे वाक्य बोललं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या नवऱ्याकडे सहानुभूतीने बघतो, आणि मग ठरलेला जोक येतो, "वहिनींशी जपून बोललं पाहिजे हां." इतक्या वेळा ऐकलाय की आता मी हसतसुद्धा नाही, पुढचा चहा ओतते.

आधी हे पिस्तूल म्हणजे काय ते सांगते, कारण मला खात्री आहे काकांनी फक्त सिनेमातलं बघितलंय. माझं पिस्तूल हे स्पोर्ट पिस्तूल आहे, इटलीचं पार्दिनी, सेकंडहँड घेतलेलं (नवीन परदेशी पिस्तूल आपल्यासारख्यांना थेट मागवता येत नाही, ती सवलत नॅशनलला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेत, ठराविक स्कोअर मारून 'रिनाऊन्ड शॉट' झालेल्या खेळाडूंना असते, बाकीचे आम्ही एकमेकांची जुनी घेतो, आणि त्यातही लाख-दोन लाखांच्या गोष्टी असतात). त्याची ग्रिप लाकडाची, अख्ख्या पंज्याला धरेल अशी कोरलेली, आणि ती फक्त माझ्या उजव्या हाताला बसते. नवऱ्याने धरलं तर त्याची बोटंच आत जात नाहीत. खाली तळहाताला टेकायला एक फळी असते. वजन किलोभराच्या आसपास, नियमात १४०० ग्रॅमच्या वर चालत नाही. मॅचच्या आधी इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे शस्त्रतपासणीला, ते एका पेटीत घालून बघतात, ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरची पेटी, त्यात बसलं पाहिजे. मग ट्रिगरला १ किलोचं वजन टांगून बघतात, त्या वजनाला ट्रिगर सुटला तर पिस्तूल बाद. आता सांगा, हे असलं लाकडी धूड कुठला गुंड पँटीत खोचणार? खोचलं तर चालता येणार नाही, आणि घाईत बाहेर काढायला गेला तर ग्रिपमध्ये हात नीट बसवेपर्यंत समोरचा रिक्षा पकडून गेलेला असेल.

पण म्हणून ते खेळणं आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, आणि इथे मला आमच्याच काही मंडळींचा राग येतो, जे लोकांना पटवायला "अहो छोटं कॅलिबर आहे, छर्ऱ्यासारखं असतं" असं सांगतात. साफ खोटं. पॉइंट टू टू लाँग रायफल म्हणतात त्या गोळीला, ५.६ मिलिमीटरची, शिशाची, जेमतेम अडीच ग्रॅमची, १८८७ पासून जगात चालू आहे. आवाज कमी, धक्का कमी, म्हणून शिकायला चांगली. पण मोकळ्यावर सोडली तर किलोमीटरच्या पुढे जाते आणि माणूस मारू शकते. गोळ्यांच्या बॉक्सवरच तशी वॉर्निंग छापलेली असते. एअर पिस्तूल वेगळं, ते ४.५ मिलिमीटरचं, हवेवर चालतं, २० ज्यूलच्या आतलं असेल तर परवाना लागत नाही, दुकानात ओळखपत्र देऊन घेता येतं. दहा मीटरचा खेळ तो. पॉइंट टू टू म्हणजे खरी दारू, खरी गोळी, फायरआर्म. म्हणून तर तिला भिंत लागते, वर उडालेली गोळी अडवणारे बॅफल लागतात, मागे गोळ्या अडवणारा मातीचा बांध किंवा लोखंडी ट्रॅप लागतो, म्हणून तर मी ती गच्चीवर किंवा फार्महाऊसवर चालवत नाही, आणि कुणी "चल की कर्जतला, नातेवाईकांची जागा आहे, एक-दोन राउंड मारू" म्हणालं तर त्याच्याशी त्या विषयावर बोलणं बंद करते.

आता मॅच कशी असते. आमची, म्हणजे बायकांची, २५ मीटर पिस्तूल. साठ गोळ्या. पहिल्या तीस प्रिसिजनच्या, पाच मिनिटांत पाच गोळ्या, असं सहा वेळा. टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५ सेंटिमीटरचं, पण तीन पावलांवरून जेवढं मोठं वाटतं तेवढं ते पंचवीस मीटरवरून वाटत नाही, काळा ठिपकाच दिसतो नुसता. एका हाताने मारायचं, दुसरा हात खिशात किंवा पट्ट्याला. दोन्ही हातांनी धरतात ते पोलीस आणि सिनेमावाले. पुढच्या तीस रॅपिडच्या. हात ४५ अंशात खाली, सात सेकंद लाल दिवा, मग तीन सेकंद हिरवा, त्या तीन सेकंदांत हात वर, साईट (नळीवरची नेम धरायची खूण) जुळवायची, एकच गोळी, परत हात खाली. परत सात सेकंद. असं पाच वेळा, मग पुढची सिरीज. तीन सेकंद पुरत नाहीत असं पहिले काही महिने सगळ्यांना वाटतं, नंतर कळतं की तीन सेकंद भरपूर आहेत, घाई आपल्या डोक्यात असते. पुरुषांचं रॅपिड फायर त्याहून भयंकर, पाच टार्गेटवर पाच गोळ्या, आधी आठ सेकंदांत, मग सहा, मग चार. लंडनला २०१२ साली विजय कुमारने सिल्व्हर घेतलं ते याच इव्हेंटमध्ये, आणि किती जणांच्या लक्षात आहे?

माझी खरी अडचण डोळ्यांची. चाळिशी लागली की जवळचं दिसेना होतं आणि पिस्तुलात सगळा खेळ फ्रंट साईटचा, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुणेचा, ती स्वच्छ दिसली पाहिजे आणि टार्गेट धूसर. ती साईट हाताच्या अंतरावर असते, वाचायच्या चष्म्याने ती दिसत नाही आणि लांबच्या चष्म्यानेही नाही, मधलाच नंबर काढावा लागतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना मी सांगितलं की मला पाऊण मीटरवरचं लोखंडाचं टोक बघायचंय, तर ते म्हणाले कॉम्प्युटरवर काम करता का. म्हटलं हो, तसंच समजा.

रेंजवरची शिस्त काकांनी एकदा बघावी अशी माझी फार इच्छा आहे. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जेवढी शिस्त नाही त्याच्या शंभरपट तिथे असते. पिस्तूल पेटीतून काढलं की नळीचं तोंड टार्गेटकडेच, कायम. चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या खोबणीत, भगव्या रंगाची प्लास्टिकची दोरी, सेफ्टी फ्लॅग म्हणतात तिला, ती घातलेली असली की लांबूनही दिसतं की आत गोळी नाही. 'लोड' म्हटल्याशिवाय मॅगझिन लावायचं नाही. कोणी टार्गेटकडे पुढे गेलं असेल तर आपल्या पिस्तुलाला हात लावायचा नाही, अगदी पुसायलासुद्धा नाही. गोळी सुटलीच नाही तर पिस्तूल तसंच समोर धरून दुसरा हात वर करायचा आणि रेंज ऑफिसर येईपर्यंत थांबायचं, वळून "बघा हो काय झालं" असं विचारायचं नाही, वळलात तर त्या दिवशी घरी. मोठमोठ्या पदकवाल्यांना मी या गोष्टीवरून ओरडा खाताना बघितलंय. आणि संपल्यावर हात साबणाने खसाखसा धुवायचे, गार पाण्याने, त्याआधी वडापावला हात लावायचा नाही, कारण शिसं. रेंज बंदिस्त असेल तर हवा बाहेर फेकणारे मोठे पंखे चालू आहेत ना बघायचं. हे शिशाचं कोणी फारसं बोलत नाही, पण लहान मुलं शिकायला येतात तिथे हे आधी बोललं पाहिजे.

परवान्याचं सांगते, कारण लोकांना वाटतं पैसे दिले की मिळतो. आपल्याकडे ठाणे काय, नवी मुंबई काय, दोन्हीकडे पोलीस आयुक्तालयं, त्यामुळे अर्ज आयुक्तांकडे. फॉर्म, फोटो, बोटांचे ठसे, पोलीस व्हेरिफिकेशन, डॉक्टरांचं शारीरिक आणि मानसिक सर्टिफिकेट, शस्त्र सुरक्षित हाताळायचं ट्रेनिंग घेतल्याचं सर्टिफिकेट, घरात ते कुठे ठेवणार त्याची माहिती, क्लबचं पत्र, स्पर्धांचे स्कोअर. वय २१ पूर्ण पाहिजे. हे सगळं असायलाच पाहिजे, माझी त्याबद्दल तक्रार नाही, उलट आणखी कडक केलं तरी चालेल. मला गंमत वाटली ती वेगळीच. चौकशीला बोलावलं तेव्हा साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणाकडून धोका आहे?" म्हटलं कोणाकडून नाही. "मग धमकीचा फोन वगैरे?" नाही. "बँकेत आहात, कॅश नेता-आणता का?" नाही हो. साहेब बिचारे पेन धरून बसले, कारण त्यांच्या सवयीप्रमाणे धोका नसेल तर परवाना कशाला. मी सांगितलं की मला खेळायचंय, टार्गेट प्रॅक्टिस, तसा फॉर्मवर लिहिलंय. ते म्हणाले, "या वयात?" आता यावर काय बोलणार. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातच कलम १३ मध्ये पॉइंट टू टू रायफलचा टार्गेट प्रॅक्टिससाठी, रायफल क्लबच्या मेंबरांसाठी, स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणजे खेळासाठी शस्त्र ही कल्पना काही आमच्या पिढीने काढलेली नाही. पिस्तुलाचं मात्र तसं सरळ लिहिलेलं नाही, तिथे सबळ कारण दाखवावं लागतं, आणि खेळ हे सबळ कारण वाटणारा अधिकारी भेटायला नशीब लागतं. शेवटी मिळाला. पाच वर्षांसाठी असतो, मग रिन्यू. २०१९ च्या दुरुस्तीत सामान्य माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असं झालं, ते मला व्यक्तिशः बरोबरच वाटतं, आणि त्याच दुरुस्तीत वरातीत हवेत गोळ्या झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आला, तेही बरोबर. आमच्या मामांकडे राजापूरला ठासणीची बंदूक होती, डुकरं-माकडं हाकलायला, तिची वर्षातून एकदा ऐटीत पूजा व्हायची पण लग्नात ती कधी बाहेर निघाली नाही.

पूजेवरून आठवलं, खंडेनवमीला माझ्या पिस्तुलाची पूजा होते. पेटीची होते खरं तर, कारण पहिल्या वर्षी सासूबाई झेंडूचं पाणी थेट बॅरलवर शिंपडायला निघाल्या होत्या, कसंबसं थांबवलं, तेव्हापासून हळदकुंकू पेटीला. फोटो काढून फेसबुकवर टाकायचा नाही हा आमच्या घरातला नियम. इन्स्टावर पिस्तूल हातात घेऊन रील बनवणारी पोरं आणि त्यांना "भाई" म्हणणारी पोरं, यांच्यामुळे आमचं जास्त नुकसान होतं, काकांच्या पत्रामुळे नाही.

आता नोटीस बोर्डचा मुद्दा. काका, विचार करा जरा. सोसायटीच्या बोर्डवर लिहिलं की अमुक मजल्यावर अमुक फ्लॅटमध्ये पिस्तूल आहे, तर ते कोण कोण वाचणार? कुरिअरवाला, एसी रिपेअरिंगवाला, रंगारी, भाड्याने आलेली पोरं, घर बघायला आलेला एजंट. चोराला पत्ताच दिला की हो तुम्ही. पोलिसांकडे सगळी नोंद असते, परवान्याला देशपातळीवरचा युनिक नंबर असतो, शस्त्राचा नंबर परवान्यावर, गोळ्यांची खरेदी परवान्यावर, वर्षाला किती घ्यायच्या ती मर्यादाही परवान्यावर. ज्याला माहिती पाहिजे त्याला ती आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीला असण्याची गरज नाही, आमच्या सेक्रेटरीला तर मेंटेनन्स कोणाचा थकलाय तेसुद्धा धड माहीत नसतं.

घरी मी पिस्तूल भिंतीला बोल्ट मारलेल्या लॉकरमध्ये ठेवते, गोळ्या वेगळ्या कपाटात वेगळ्या किल्लीने, आणि दोन्ही किल्ल्या एका जागी नसतात. नेताना पेटीत, रिकामं, गोळ्या वेगळ्या, परवाना पर्समध्ये, गाडीने सरळ रेंज आणि सरळ घर, वाटेत डीमार्ट नाही. निवडणुका आल्या की बहुतेक परवानाधारकांना शस्त्र जमा करायची नोटीस येते. स्पर्धा खेळणाऱ्या खेळाडूंना त्यातून वगळता येतं, पण ते वगळून घेण्यासाठी पुन्हा कागद घेऊन फिरायचं, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत लोकसभा, विधानसभा, मग महापालिका असं एकामागून एक चालू होतं तेव्हा आमच्यातल्या कित्येकांनी कंटाळून जमाच करून टाकलं आणि सीझन सोडून दिला.

आणि आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं. काकांचं एक म्हणणं मला शंभर टक्के पटतं. पिस्तूल घरात असूच नये. मलाही ते घरात नकोय! माझ्या घरी कॉलेजात जाणारा मुलगा आहे, त्याचे मित्र येतात, गणपतीत तीस माणसं येतात, आणि प्रत्येक वेळी माझ्या डोक्याच्या एका कोपऱ्यात ते लॉकर असतं. मला ते रेंजवरच ठेवायला आवडेल, तिथल्या शस्त्रागारात, सीसीटीव्हीखाली, रजिस्टरमध्ये सही करून काढायचं आणि सही करून परत द्यायचं. त्याहून चांगलं म्हणजे क्लबची पिस्तुलं असावीत, क्लबच्या परवान्यावर, शिकणाऱ्याने ती वापरावीत आणि हात हलवत घरी जावं. म्हणजे दर खेळाडूमागे एक पिस्तूल, एक परवाना आणि एक लॉकर ही भानगडच नको. पण त्यासाठी आधी जवळ रेंज पाहिजे ना.

आपल्या भागात दहा मीटरचं बऱ्यापैकी आहे. पनवेलला कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत सुमा शिरूर यांचा लक्ष्य क्लब आहे, त्याचं नाव देशभर आहे, शिरूर मॅडम स्वतः अथेन्स ऑलिंपिकच्या फायनलला होत्या. बाकी शाळांच्या हॉलमध्ये, तळघरात, कुठे कुठे एअर पिस्तूल आणि एअर रायफलचे छोटे क्लब चालतात, पोरं येतात, आईबाप सोडायला येतात. पण पॉइंट टू टूच्या २५ मीटरला आमच्यासारख्यांची धाव वरळीपर्यंत, महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर, किंवा मग थेट पुण्याला बालेवाडीला. रविवारी सकाळी नेरुळहून वरळी म्हणजे फार नाही असं वाटतं, वाशीच्या पुलावरचा टोलसुद्धा लहान गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून माफ झालाय, पण शनिवारी दुपारी निघून बघा. आणि मी गाडीवाली नोकरदार बाई आहे, मला जमतं. घणसोलीच्या किंवा कळव्याच्या दहावीतल्या मुलीने काय करायचं? तिच्याकडे स्वतःचं पिस्तूल नाही, परवान्याचं वय नाही, बापाला रोज वरळीला न्यायला सुट्टी नाही. मग ती चांगली असूनही दहा मीटरवरच थांबते, आणि दहा मीटरला एवढी गर्दी आहे की तिथे कोणाचं लक्षही जात नाही तिच्याकडे.

आणि हा खेळ आपल्या माणसांचा नाही असं कोणी म्हणू नये. देशाची रायफल असोसिएशन १९५१ साली सुरू झाली ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने, अजूनही नॅशनलच्या आधीची मोठी स्पर्धा त्यांच्या नावाने भरते, आम्ही नुसतं "मावळंकर खेळायला चाललो" म्हणतो. माझ्याच इव्हेंटमध्ये कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्समध्ये बरोबरी सोडवायच्या शूटऑफमध्ये जीव मुठीत धरायला लावून गोल्ड आणलं, नेमबाजीत एशियाडचं गोल्ड घेणारी ती पहिली भारतीय बाई. पॅरिसला २०२४ मध्ये मनू भाकरने एअर पिस्तुलात दोन ब्राँझ घेतली त्याचे पेढे सगळ्यांनी खाल्ले, पण तिसरं पदक ज्यात थोडक्यात हुकलं, चौथी आली ती, ते हेच आमचं २५ मीटर. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, ज्याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, तीसुद्धा पॉइंट टू टूच. त्याच्या मिरवणुकीचे फोटो तुमच्याच पेपरात पहिल्या पानावर होते. त्या फोटोतल्या माणसाच्या हातात जी गोळी असते तीच माझ्या कपाटात आहे, फक्त माझे स्कोअर विचारू नका.

जागा किती लागते? पंचवीस मीटर म्हणजे दोन बॅडमिंटन कोर्ट एकापुढे एक ठेवली की झालं, वर मागची भिंत, ट्रॅप आणि उभं राहायची जागा. बंदिस्त करता येते, आवाज बाहेर जात नाही इतपत भिंती करता येतात, सिडकोच्या नोडमध्ये याहून मोठे प्लॉट नुसते गवत वाढवत पडलेत. घणसोलीत क्रीडा संकुलासाठी २० एकर जागा २००३ पासून राखीव होती, ते संकुल रायगडात माणगावला हलवायचा सरकारचा निर्णय मुंबई हायकोर्टाने २०२४ मध्ये रद्द केला. नवी मुंबईच्या पोरांनी खेळायला माणगावला जायचं हे कोर्टालाही पटलं नाही. आता ते संकुल जेव्हा केव्हा उभं राहील तेव्हा त्याच्या नकाशात क्रिकेट, फुटबॉल, स्विमिंग असणारच, त्यासाठी भांडणारे नगरसेवक भरपूर आहेत. माझी मागणी एवढीच की त्यात एक २५ मीटरची रेंज असावी, दहा लेनची चालेल, सोबत शस्त्रागार, क्लबच्या मालकीची चार-पाच पिस्तुलं, आणि पोलिसांचा माणूस नेमायचा असेल तर तोही नेमा, आम्ही त्याला चहा देऊ. ठाण्याच्या महापालिकेनेही हेच करावं, घोडबंदरला एवढे टॉवर झाले, प्रत्येकात क्लबहाऊस आणि गोल्फचं सिम्युलेटर, पण पोरांना नेमबाजी शिकायला जागा शोधत फिरावं लागतं.

काकांनी खरं तर या मागणीवर माझ्या आधी सही करायला पाहिजे. ज्याला सोसायटीत पिस्तूल नकोय त्याच्या इतका रेंजचा फायदा कोणालाच नाही, माझं पिस्तूल त्यांच्या शेजारून उचलून कुलूपबंद सरकारी भिंतीआड जाईल आणि त्यासाठी बोर्डवर कोणाचं नाव लावावं लागणार नाही. ते तयार असतील तर येत्या रविवारी मी त्यांना रेंजवर घेऊन जाते, प्रेक्षक म्हणून परवानगी काढते, कानाला लावायचे मफ्स आणि चष्मा मी देईन, त्यांनी फक्त सकाळी लवकर तयार राहावं आणि तिथे मोबाईलवर व्हिडिओ काढू नये.

आणि तुम्हाला एक विनंती, साहेब. नेमबाजीची बातमी आली की तुमच्या डेस्कवरून कधीकधी तोच जुना काळा धूर सोडणारा रिव्हॉल्व्हरचा फोटो लागतो, जो खंडणीच्या बातमीलाही असतो आणि कट्टा सापडल्याच्या बातमीलाही असतो. राज्य स्पर्धेत मेडल घेतलेल्या मुलीच्या नावावर तो फोटो छापलात तर तिच्या आजीने ते कात्रण कुठे चिकटवायचं? स्पोर्ट पिस्तुलाचा साधा फोटो हवा असेल तर मी माझ्या पिस्तुलाचा पाठवते, फ्लॅग घातलेला, नंबर झाकून.

पत्र कापावं लागणार हे मला माहीत आहे. कापायचं असेल तर खंडेनवमीचं कापा, माझ्या चष्म्याचं कापा, घणसोलीचं मात्र पूर्ण छापा.

आपली नम्र,
एक वाचक, नेरुळ
(नाव छापू नये, कारण वर नोटीस बोर्डच्या परिच्छेदात दिलंय)